चारची विचारपूस

माणसं पारखणं हा माझा धंदा आहे. तुरुंगात नवा माणूस आला की त्याचे कपडे, घड्याळ, पट्टा आणि उरलीसुरली मिजास फाटकाजवळच्या खोलीत जमा होते, डॉक्टर त्याची छाती आणि दात तपासतात, आणि मग तो माझ्या टेबलासमोरच्या स्टुलावर येऊन बसतो. मी वर्गीकरण अधिकारी. माझ्याकडे एक्केचाळीस प्रश्नांचा एक फॉर्म आहे. शिक्षण किती, हाताला काय काम येतं, राग कशानं येतो, झोप लागते का, बाहेर कोण आहे. त्यावरून ठरतं की हा माणूस कुठल्या बराकीत झोपणार, दिवसभर काय करणार, आणि आला त्यापेक्षा जरा बरा होऊन बाहेर पडेल अशी काही आशा आहे का. आमचे अधीक्षक ह्याला डाळीतले खडे निवडणं म्हणतात. मी त्यांना दर वेळी सांगतो, साहेब, खडा फेकून देता येतो. माणूस शिक्षा संपली की पुन्हा आपल्याच रस्त्यावर येऊन उभा राहतो. ते हसतात. पालथ्या घड्यावर पाणी.

पहिले चौदा दिवस नवा माणूस आवक विभागात असतो. ज्याला बाहेर कुणीच नाही, त्याला मी सरळ देखरेखीच्या कोठडीत ठेवतो, कारण हे दोन आठवडे जिवाला फार जड जातात आणि एकट्या माणसाला धरून ठेवायला काही नसतं. तिथं दर पंधरा मिनिटांनी शिपाई दाराची झडप उघडतो, "बरं आहे ना?" असं विचारतो आणि तक्त्यावर खूण करतो. पूर्वी शिपाई खुर्चीत बसून चहा पिता पिता अख्ख्या पाळीच्या खुणा एका दमात करून टाकायचे. ते मी बंद केलं. आतल्या माणसानं तोंडानं उत्तर दिलं पाहिजे, नुसती मान हलवलेली चालणार नाही, आणि उत्तर आल्याशिवाय झडप लावायची नाही, असा नियम मी काढला. शिपायांनी माझ्या नावानं बोटं मोडली. मोडू देत. त्या नियमानंतर आवक विभागात आम्ही एकही माणूस गमावलेला नाही.

पंपवाला माझ्या स्टुलावर बसला तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. अंगानं काटक, आणि बोलायचा ते गरजेपेक्षा मोठ्यानं. वस्तीपासून लांब, पाणी उपसण्याच्या केंद्रावर बावीस वर्षं तो एकटा कामाला होता आणि मोटारीच्या खोलीला लागून असलेल्या खोलीतच राहायचा. मग नवी यंत्रणा आली, आपोआप चालू होणारी आणि आपोआप बंद होणारी, आणि एके दिवशी किल्ल्या मागायला पर्यवेक्षक आला. ह्यानं त्याला पान्यानं मारलं. त्या माणसाचा एक डोळा गेला. शिक्षा पाच वर्षं. मी गुन्हे सोज्वळ करून सांगणाऱ्यांतला नाही. तो डोळा कुणी परत आणून देणार नव्हतं आणि पंपवाल्याला ते ठाऊक होतं. "एका डोळ्यानं जिना उतरता येतो का हो?" असं त्यानं मला पहिल्याच दिवशी विचारलं.

"बाहेर कोण आहे?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"आई, बाप, भाऊ, बायको, एखादी लांबची मावशी. तुमची वाट बघणारं कुणी."

"मोटार होती," तो म्हणाला. "ती पण काढली."

मी 'कुणी नाही' असं लिहिलं आणि त्याला देखरेखीत पाठवलं.

बाराव्या दिवशी त्याला पुन्हा बोलावलं. चौदाव्या दिवशी वर्गीकरण समिती बसते, त्याआधी मला माझं मत पक्कं करावं लागतं. अहवाल उत्तम होता. जेवतो, झोपतो, शिपायांना नीट उत्तरं देतो. सुतारशाळेत एक जागा रिकामी होती आणि ह्याच्या हाताला हत्यारांची सवय होती. सुतारशाळा ही आमच्याकडची पहिली पायरी. तिथं वर्षभर बरं चाललं की खुल्या तुरुंगासाठी नाव जातं. खुला तुरुंग इथून दिवसभराच्या प्रवासावर आहे. तिथं भिंत नाही. खोलीला कुलूप असतं, पण किल्ली राहणाऱ्याच्याच खिशात. तिथल्या चांगल्या वागणुकीचे दिवस शिक्षेतून जास्तीचे कमी होतात आणि सुटल्यावर काम मिळण्याची सोय लागते. थोडक्यात, माणसाला पुन्हा माणूस व्हायचं असेल तर वाट तीच.

हे सगळं मी त्याला समजावून सांगितलं आणि म्हटलं, आता देखरेखीची गरज नाही, परवा तुमची बराक बदलेल. मग शेवटची खात्री म्हणून सत्ताविसावा प्रश्न पुन्हा विचारला. जीव नकोसा वाटतो का?

"वाटतो," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"आत्ता. तुम्ही कोठडी बदलायचं म्हणालात तेव्हापासून."

अशा उत्तराची थट्टा करायची नसते. मी पेन खाली ठेवलं आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर त्याच्याशी तासभर बोलले, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलले, आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "ह्याला मरायचं नाहीये. ह्याला बोलायचंय. माझ्या कपाटात त्यावर औषध नाही."

मी आत गेलो. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?" मी त्याला म्हटलं. "काय हवंय ते सांगा की."

"मला इथंच ठेवा."

"इथं? इथं पलंगसुद्धा जमिनीला ठोकलेला आहे. हत्यार हातात मिळणार नाही, काम मिळणार नाही, खुला तुरुंग तर विसराच. पाच वर्षं ह्या भिंतींकडे बघत बसणार?"

"इथं विचारतात," तो म्हणाला. "शहाण्णव वेळा. मी मोजलं, साहेब. दिवसरात्र मिळून शहाण्णव वेळा कुणीतरी येतं, बरं आहे ना म्हणून विचारतं, आणि मी बोलेपर्यंत जात नाही. केंद्रावर होतो तेव्हा एका वर्षी मी बोलायलाच विसरलो होतो. वाण्याकडे गेलो आणि तोंडातून आवाजच फुटेना. बोटानं दाखवून साखर आणली."

निम्मे शिपाई तो प्रश्न शिवी हासडल्यासारखा विचारतात हे मला माहीत होतं. पण मला हसू आलं नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि माझंही काही थंड नव्हतं. माझी बायको जाऊन तीन वर्षं झाली. मी तुरुंगामागच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहतो. मुलगा लांबच्या शहरात आहे. रविवारी सकाळी त्याचा फोन येतो, सून मागून ओरडून विचारते, "बाबा, जेवलात ना?" तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. मी काही म्हणेपर्यंत फोन नातवाच्या हातात गेलेला असतो आणि नातू तो ठेवून देतो. वाईट नाहीत ती. कामाची माणसं आहेत.

"असं करू," मी पंपवाल्याला म्हटलं. "तुम्ही सुतारशाळेत जा. रोज चार वाजता मी स्वतः येऊन विचारीन. शहाण्णव वेळा जमायचं नाही, माझे गुडघे गेलेत. एकदा."

"उत्तर देईपर्यंत थांबाल?"

"थांबीन."

"मग एकदा पुरेल," तो म्हणाला.

असं काही फॉर्ममध्ये बसत नाही. समितीत मी ह्यातलं अवाक्षर काढलं नाही. नाव पास झालं.

सुतारशाळा म्हणजे लांबट शेड, आठ बाकं, हवेत कायम भुसा. तिथले मास्तर करवतीच्या आवाजानं अर्धे बहिरे झालेले, त्यामुळे त्यांचं हळू बोलणंही फाटकापर्यंत ऐकू येतं. चार वाजता मी दारात उभा राहायचो, पंपवाला हातातला रंधा खाली ठेवून यायचा. मी विचारायचो, "बरं आहे ना?" पहिल्या महिन्यात तो उत्तर घोकून ठेवल्यासारखा सांगायचा. बरं आहे. झोप लागली. बोटाला पटाशी लागली, मास्तरांनी शिव्या दिल्या. मी ऐकून घ्यायचो आणि निघायचो. कधीतरी त्यानं गुडघ्याचं विचारलं, मी सांगितलं. मग एकदा मी आपणहून सांगितलं की सकाळी दूध उतू गेलं आणि शेगडी खरवडत बसलो. त्यावर त्यानं भांड्यावर लाकडी पळी आडवी ठेवायचा सल्ला दिला. मी तो करून पाहिला. काही उपयोग झाला नाही, हेही दुसऱ्या दिवशी सांगितलं.

दहा मिनिटांचं काम. पण हळूहळू मी दिवसभर चारसाठी गोष्टी जमवायला लागलो. अधीक्षकांचा नवा कोट त्यांना पोटावर बसत नाही, हे चारला सांगायचं. बायकोचा चष्मा कपाटात सापडला, हेही सांगायचं. इस्त्रीचे शर्ट घालायला लागलो. सुट्टीच्या दिवशीही मी तुरुंगात जायचो आणि शिपाई एकमेकांकडे बघायचे. मी त्यांना सांगायचो, निरीक्षण चालू आहे. निरीक्षणच होतं. फक्त कोण कुणाचं करत होतं ते विचारू नका.

असं वर्ष गेलं. पंपवाला खुर्च्या करायला शिकला. चांगल्या, न डुगडुगणाऱ्या. शेजारच्या बाकांवर दोघे सख्खे साडू होते, एकाच भांडणात आत आलेले आणि तुरुंगातही रोज भांडणारे. त्यांची भांडणं सोडवता सोडवता पंपवाला त्यांच्यातलाच झाला. एकदा चार वाजता गेलो तर तिघं हसत होते. धाकटा साडू कसलीतरी नक्कल करत होता, बहुतेक माझीच. पंपवाल्याच्या केसांत भुसा होता आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी दारात उभा राहून विचारलं, बरं आहे ना? त्यानं रंधा हातातून सोडला नाही.

"बरंय, साहेब," तो तिथूनच म्हणाला आणि पुन्हा त्यांच्याकडे वळला.

नियमाप्रमाणे उत्तर आलं होतं. मी तरी उभा राहिलो. त्या दिवशी माझ्याकडे सांगण्यासारखं बरंच होतं, रविवारचा फोन आला नव्हता. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. मग मी परत फिरलो. मला पंपवाल्याचा राग आला, हे मी लपवणार नाही. शेंबडं पोरही इतक्या लवकर रुसणार नाही, पण मी रुसलो, सत्तावन्नाव्या वर्षी, सरकारी बूट घालून.

त्याच आठवड्यात खुल्या तुरुंगाची यादी करायची होती. सात नावं, प्रत्येक नावापुढे माझा शेरा. सहा शेरे मी पंधरा मिनिटांत लिहिले. सातव्यासाठी पेन उघडं ठेवून बसलो आणि मग लिहिलं: 'सामाजिक मिसळण अपुरी. आणखी सहा महिने निरीक्षण आवश्यक.'

अक्षर छान आलं होतं. हा शेरा मी आजवर किमान शंभर माणसांना दिलेला आहे आणि शंभर वेळा तो खरा होता, म्हणून तर कुणी त्याच्यावर शंका घेत नाही.

शंका घेतली मास्तरांनी. यादीची प्रत सुतारशाळेकडे जाते हे मी विसरलो होतो. ते कागद घेऊन माझ्या खोलीत आले आणि बसलेसुद्धा नाहीत.

"मिसळण अपुरी?" ते म्हणाले, म्हणजे गरजले. "अहो, ह्याला गप्प बसवता बसवता माझा जीव जातो. त्या दोन साडूंना एका पाटावर बसवलं ह्यानं. मला जे दोन वर्षांत जमलं नाही ते. तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तुम्ही लाकडाचं बघा, मास्तर," मी म्हणालो. "माणसांचं मी बघतो."

"बघताय की. रोज चारला येऊन बघताय," ते म्हणाले, आणि कागद टेबलावर टाकून गेले.

खाई त्याला खवखवे. बहिरा माणूस, पण त्याला ऐकू आलं होतं. मी दार लावून घेतलं. एकतीस वर्षांत मी चुका केल्या आहेत, माणूस ओळखण्यात फसलो आहे, पण माणूस बरोबर ओळखून त्याच्या नावापुढे मुद्दाम खोटं लिहिलं, हे पहिल्यांदाच. त्या कागदावर एका माणसाचे सहा महिने होते. खुल्या तुरुंगातल्या जागा वर्षातून दोनदाच निघतात आणि यादी उद्या सकाळी दहाला अधीक्षकांकडे जाणार होती. शेरा गुपचूप बदलला असता तर कुणाला कळलं नसतं. पण मला मग स्टुलावर बसलेल्या कुणालाही तोंड वर करून प्रश्न विचारता आला नसता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी शिपायाला पाठवून पंपवाल्याला बोलावून घेतलं.

तो आला, बसला. मी यादी त्याच्याकडे फिरवली. त्यानं बोट ठेवून सावकाश वाचलं.

"मिसळण अपुरी म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही लोकांत मिसळत नाही."

"मी?"

"ते खोटं आहे," मी म्हणालो. "मी लिहिलंय."

"का?"

मी बरीच वाक्यं जुळवून ठेवली होती. ती सगळी बाजूला ठेवली. "तुम्ही गेलात की चार वाजता मला कुठं जायचं नाहीये," मी म्हणालो. "म्हणून अडवलं. दुसरं कारण नाही."

पान्याची गोष्ट मी विसरलो नव्हतो. त्याला राग यायला हवा होता आणि तो येऊ द्यायची माझी तयारी होती. मी टेबलावरचं पितळी पेपरवेटही बाजूला केलं नाही. त्यानं हातावरचा भुसा झटकला. मग कागद पुन्हा वाचला, जणू त्यात आणखी काही लिहिलेलं असेल.

"सांगायचं होतं, साहेब," तो म्हणाला. "मी थांबलो असतो."

मी यादी पुन्हा माझ्याकडे ओढली.

"अजूनही थांबतो. माझं नाव मीच मागं घेतो, तसा अर्ज करता येतो ना? मोठ्या साडूनं केला होता. सहा महिने काय, जातील. चारला या तुम्ही. परवा मी नीट बोललो नाही, ते माझ्या नंतर लक्षात आलं."

तो हे उपकार केल्यासारखं म्हणत नव्हता. त्याला ते साधं वाटत होतं, शेजाऱ्याकडे जाऊन बसावं तितकं. अर्जाचा छापील कागद माझ्या डाव्या हाताच्या खणात होता. मला फक्त गप्प बसायचं होतं, बाकीचं त्यानं केलं असतं. आणि मला ते इतकं हवं होतं की माझा हात खणाकडे गेलासुद्धा. बायको गेल्यापासून माझ्यासाठी कुणी काही सोडायला तयार झालं नव्हतं.

"वेड लागलंय का तुम्हाला?" मी म्हणालो. "आणि थांबून करणार काय? पुढच्या महिन्यापासून मलाच चारला यायला जमणार नाही. मुलगा येतोय राहायला. बदली झाली त्याची. सून, नातू, सगळे येताहेत. दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा उरायची नाही."

"कायमचे?"

"कायमचे."

"नातू केवढा आहे?"

"सहा वर्षांचा," मी म्हणालो. एवढं मात्र खरं होतं.

"म्हणजे दंगा करणार."

"दंगा तर करणारच. आत्ताच मी कपाटातलं काचसामान वर काढून ठेवलंय."

तो हसला, आणि स्टुलावरून उठला. "घर भरलं मग तुमचं," तो म्हणाला.

"भरलं," मी म्हणालो, आणि शेरा खोडून शिफारसीवर सही केली.